नाव सोडून
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

माझे वडील भांड्यांवर नावं घालतात. कोल्हापुरात लग्नसराईला तुम्ही कधी स्टीलचा डबा किंवा पितळी घागर विकत घेतली असेल, तर दुकानाच्या पायरीशी मशीन घेऊन बसलेला एक माणूस तुम्ही पाहिला असेल. तुम्ही चिठ्ठी पुढं करता, तो 'सप्रेम भेट' काढून देतो, आणि अक्षर कसं उमटलं हे न पाहताच तुम्ही भांडं पिशवीत टाकता. त्या माणसाचा चेहरा सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. तसा एक माणूस आमच्या घरी राहतो. त्याला मी आबा म्हणते.

आबांची शाळा चौथीत सुटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई अजून 'कालेज' म्हणते आणि मी काय शिकते असं शेजारणींनी विचारलं की 'मोठी बुकं वाचती' एवढंच सांगते. आबा मराठी अडखळत वाचतात. इंग्रजी ते वाचत नाहीत, काढतात. 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स' हे शब्द त्यांनी हजारो ताटांवर घातले असतील, पण त्यांचा अर्थ मी सातवीत असताना त्यांना सांगितला. 'एवढंच व्हय?' म्हणाले. त्यांच्या लेखी इंग्रजी एस म्हणजे हंसाची मान आणि कॅपिटल जी म्हणजे अर्धा उमललेला कळा. अक्षर चित्रासारखं पाहणारा माणूस ते कधी चुकीचं काढत नाही, हे मी पाहिलं आहे. आम्ही शिकलेले लोक अर्थाच्या घाईत स्पेलिंग खातो.

पण मला आज भांड्यांविषयी लिहायचं नाही. आबांचं दुसरं एक काम आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. जुन्या विलायती दुनळी बंदुकांचा एखादा भाग झिजला, गंजला किंवा हरवला आणि त्याच्या जागी नवा बसवला, की त्या नव्या कोऱ्या भागावर जुन्यासारखी नक्षी ते काढतात. वर्षातून अशी सात-आठ कामं येतात. पैसे बेताचे. तरी त्या दिवशी आबा धुतलेला सदरा घालून जातात.

तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात विलायती बंदुका कुठून आल्या? संस्थानी काळात आल्या. राजेरजवाडे, जहागीरदार, इनामदार, त्यांच्याकडे येणारे साहेब यांच्याबरोबर त्या आल्या. शिकार हा तेव्हा मानाचा शौक होता. दाजीपूरचं रान हे राखीव शिकारीचं रान. पुढं १९५८ साली त्याचंच अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा शौक संपला, पण बंदुका राहिल्या. काही वाड्यांत, काही वारसाहक्कानं नातवांच्या परवान्यावर, काही पीकसंरक्षणाच्या परवान्यावर शेतकऱ्यांच्या घरात. आजही निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि निकालानंतर परत येताना कुणाचा तरी स्क्रू ढिला झालेला असतो.

ज्यांच्या दुकानात हे काम चालतं त्यांना आम्ही चाचा म्हणतो. ते परवानाधारक कारागीर आहेत. तिथला पहिला नियम असा, की बंदुकीचा कुठलाही भाग दुकानाबाहेर जाणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भागही धरले आहेत. म्हणून आबा भांड्यांचं काम घरी आणतात तसं हे काम कधी घरी आलं नाही. चाचांच्या रजिस्टरात नोंद होते, चाचा समोर बसलेले असतात, आणि संध्याकाळी तो करंगळीच्या पेराएवढा तुकडा पुन्हा तिजोरीत जातो. लहानपणी मला वाटायचं, त्यात सोनं असावं.

आता हे भाग मिळतात कसे, ते सांगते. मला स्वतःला यातलाच भाग सगळ्यांत जास्त रंजक वाटतो. आपल्या शिलाई मशीनचा नट तुटला तर दुकानात दुसरा मिळतो. या बंदुकांचं तसं नाही. त्यांतल्या बहुतेक बर्मिंगहॅमला बनल्या. तिथल्या 'गन क्वार्टर' नावाच्या वस्तीत बंदूक एका छपराखाली तयार होत नसे. नळ्या करणारा वेगळा, लॉक घासणारा वेगळा, अक्रोडाचा दस्ता बसवणारा वेगळा, स्क्रू करणारासुद्धा वेगळा, आणि शेवटी नक्षीवाला. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत अर्धवट बंदूक फिरत फिरत पुरी व्हायची. प्रत्येक जण आपला भाग त्या एका बंदुकीपुरता कानशीनं घासून बसवायचा. त्यामुळं एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन बंदुका शेजारी ठेवल्या तरी एकीचा स्क्रू दुसरीत जात नाही. आटे जुळले तर डोकं जुळत नाही. डोकं जुळलं तर खाच आडवी येते.

विलायतेहून भाग मागवणं सामान्य कारागिराच्या आवाक्याबाहेरचं आहे; परवाना लागतो, आणि बाहेरच्या शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून आवळलेली आहे. शिवाय ज्यांनी बनवलं ते तरी कुठं जागेवर आहेत? डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर हे एके काळी केवढं नाव! बंदुकीचा इतिहास सांगणारं त्यांचं जाडजूड पुस्तक १८८१ साली निघालं. तो ग्रीनरचा कारखाना १९६५ साली वेब्ली अँड स्कॉटनं घेतला. तेव्हा चाचांपुढं दोनच वाटा उरतात. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या, नोंदीतल्या जुन्या सामानात एखादा जवळचा भाग मिळतो का ते पाहायचं. नाही तर पोलादाच्या तुकड्यातून नवा घासायचा. मी पाहिलं आहे, चाचा एका स्क्रूसाठी तीन दिवस बसतात. मध्येच नमाजाला उठतात, परत येऊन तोच स्क्रू.

स्क्रूविषयी एक गोष्ट मला तिथं गेल्यावर कळली, आणि तेव्हापासून मी कुठल्याही दाराच्या बिजागरीकडं संशयानं पाहते. चांगल्या विलायती बंदुकीत स्क्रू पुरा आवळला की त्याची खाच नळीच्या रेषेत सरळ उभी राहते. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका दिशेला, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या. आणि भोवतालच्या पोलादावरची वेलबुट्टी त्या स्क्रूच्या डोक्यावरून पलीकडं जाते. म्हणजे स्क्रू आधी पुरा बसवायचा, मग त्याच्यावर नक्षी काढायची. तो एक केसभर जरी कमी फिरला तरी वेल तुटलेली दिसते. एखाद्या अडाणी माणसानं रुंद स्क्रू-ड्रायव्हर घालून खाच फाडली, की चाचा कपाळाला हात लावतात. अशी फाटलेली खाच आली की समजायचं, मालकानं घरीच 'रिपेरी' करून पाहिली आहे.

क्रमही महत्त्वाचा. नवा भाग मऊ असतानाच त्यावर छिन्नी चालते. नक्षी झाली की मग त्याला कडक करायचं. जुन्या पद्धतीत हाडाच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून तापवतात आणि पाण्यात सोडतात. वरची कातडी कठीण होते, आतला गाभा चिवट राहतो, आणि वर निळे, तांबूस, गवती असे ढगासारखे रंग उमटतात. ते रंग कुणी लावलेले नसतात हे मला खरंच वाटेना. स्क्रूला मात्र नुसता ताव देतात. पोलाद साधारण ३०० अंशांच्या आसपास मोरपिशी निळं होतं, तिथंच थांबायचं. एक श्वास उशीर झाला की रंग राखाडी.

नक्षी उतरवायची युक्ती आबांची नाही, जगात सगळीकडं थोड्याफार फरकानं हीच आहे. पण आबांकडं काजळ असतं. आईनं तुपाच्या दिव्यावर धरलेलं. जुन्या भागावरच्या रेघांत ते बोटानं भरायचं, वरचं पुसून घ्यायचं, पातळ कागद ओला करून दाबायचा. कागद उचलला की शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताची प्रत निघते, उलटी. मग ती आरशात पाहून सरळ वाचायची. विलायती वेलीची एक ठेवण आहे: देठ गोल वळतो, त्यातून दुसरा फुटतो, आणि प्रत्येक वळणाच्या पाठीवर बारीक छायारेघा. नुसती आकृती जमली म्हणून होत नाही. छिन्नी कुठं आत गेली, कुठं वर आली, कुठं रेघ जाड होऊन पुन्हा बारीक झाली हे ओळखावं लागतं. दोन कागद शेजारी ठेवून आबा सांगतात, 'हा गडी डावखुरा असणार' किंवा 'ह्येला जेवायची घाई झालीया बघ'. मी हसते, पण कागद पाहिला की पटतं.

या नक्षीवाल्यांची नावं मात्र बहुतेक कुठं नसतात. नळीवर कारखानदाराचं नाव असतं. नक्षी कुणाची, हे कळत नाही. लंडनचा हॅरी केल किंवा त्याच्या हाताखाली शिकलेला केन हंट अशी थोडी नावं पुढं आली. बाकीचे आले, काढून गेले. इतिहासाच्या तासाला आम्ही ज्यांना 'सामान्य जन' म्हणतो ते मला प्रथम या काजळाच्या कागदांवर भेटले, असं म्हटलं तर आमच्या सरांना राग येऊ नये.

मी या कामात कशी आले? आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली, भांड्यांचं काम पुन्हा सुरू झालं; पण भिंगातून पाहताना छायारेघा एकमेकींत शिरतात, असं ते म्हणू लागले. मी अकरावीपासून सुट्टीत त्यांच्याबरोबर बसत होते. पहिलं वर्षभर फक्त तांब्याच्या पत्र्यावर सरळ रेघा मारल्या. मग गोल. पोलादावर हात ठेवायला मिळाला तो बारावीची परीक्षा झाल्यावर. चाचांच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं प्रथम मला चहा आणणारी समजत. एका काकांनी तर 'हिला कशाला बंदुकीच्या नादाला लावताय?' असं विचारलं. चाचा म्हणाले, 'ती बंदुकीच्या नादाला लागलेली नाही. ती वेलीच्या नादाला लागली आहे.' खरं आहे. मी आजवर बंदूक उडालेली पाहिलेली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

नक्षीपेक्षा अवघड असते झीज. वरची कळ अंगठ्यानं बाजूला सारली की बंदूक मोडते. त्या कळीवर जिथं अंगठा पडतो तिथली वेल पुसट झालेली असते. पिढ्यान्‌पिढ्यांचे अंगठे! नवी कळ बसवली आणि तिच्यावर कोरी, धारदार नक्षी काढली, की ती शेजारच्या जुन्या पोलादात उपऱ्यासारखी दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, जुनी दिसू द्या. आबा धार थोडी मोडतात, पण झीज काढत नाहीत. 'अंगठा आपूनच झिजवंल,' म्हणतात. आणि प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला, जिथं बंदूक उघडल्याशिवाय दिसणार नाही तिथं, ते बारीक आकड्यांत साल घालतात. नाव नाही, फक्त साल.

या सवयीवरूनच गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात वाद झाला. बाहेरगावचा एक व्यापारी, परवानेवाला, एक दुनळी घेऊन आला होता. बाजूला लॉकच्या पट्ट्या असलेली, उंची घाटाची. उजवी पट्टी गंजून जाळी झालेली होती, ती चाचांनी नवी केली. डावी पट्टी कुणीतरी पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केली होती. तिच्यावर वेलीच्या सावल्या उरल्या होत्या, अक्षर एकही नाही. व्यापाऱ्याचं म्हणणं असं, की ही लंडनच्या एका नामांकित घराण्याची बंदूक आहे, जुन्या पट्टीवर नाव होतंच. तर दोन्ही पट्ट्यांवर नक्षी काढा आणि मधल्या मोकळ्या जागेत ते नावही घाला. नक्षीचे चार हजार. नावासकट बारा.

बारा हजार म्हणजे आमच्या घरात काय, हे मी इथं मांडत बसत नाही. माझी फी आणि आबांच्या डाव्या डोळ्याची तारीख दोन्ही त्याच महिन्यात होती.

चाचांनी नळ्या उलट्या करून मला खुणा दाखवल्या. इंग्लंडात प्रत्येक नळी सरकारमान्य घरात जास्त दारू भरून तपासून घ्यावी लागते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ सालचं. या नळ्यांवर मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. असे ठसे होते. ते बर्मिंगहॅमचे, आणि १९०४ नंतर पण १९५४ च्या आधीचे. मी उड्या मारायच्या बेतात होते: बंदूक लंडनची नाहीच! चाचा म्हणाले, 'थांब बेटा. लंडनचे दुकानदारही बर्मिंगहॅमहून बंदुका करून घ्यायचे आणि आपलं नाव घालायचे. यावरून होय म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.' पुरावा म्हणजे काय हे मी कॉलेजात दोन वर्षं शिकते आहे. त्या दुपारी ते मला जरा जास्त कळलं.

आबा नको म्हणाले. आई म्हणाली, 'जलमभर दुसऱ्याचीच नावं घातलीत की! ह्यो आणखी एक.' त्यावर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'भांड्यावर देणाऱ्याचं नाव आसतंय. बंदुकीवर करणाऱ्याचं. देणारा समोर हुबा ऱ्हाऊन चिठ्ठी देतो. ह्यो करणारा कुठं हाय?'

माझं मत आबांसारखं सरळ नव्हतं, आणि आजही नाही. समजा नाव खरोखरच होतं, तर ते पुन्हा घालणं ही लबाडी कशी? देवळाचा पडलेला खांब बसवतात, शिलालेख मात्र नव्यानं खोदत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आतल्या बाजूला साल घातलं म्हणजे उघडून पाहणाऱ्याला खरं कळणारच की. मी आबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, 'उघडून बघणारं किती?' याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायद्याचीही एक बाजू होती. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणं बंदुकीवरचं नाव, क्रमांक वा ओळखीची खूण खोडणं, बदलणं किंवा बनावट करणं गुन्हा आहे. खरं असलेलं नाव पुन्हा घालणं यात बसतं का, हे वकील सांगतील. बनावट घालणं मात्र नक्की बसतं. आणि खरं की बनावट, हेच तर ठरत नव्हतं.

मग मला सुचलं ते मी चाचांना सांगितलं. नामांकित विलायती घराण्यांनी आपल्या वह्या जपल्या आहेत. बंदुकीचा क्रमांक कळवला तर ती कधी झाली, कुणाला विकली हे सांगणारे आहेत. या बंदुकीवर क्रमांक होता, स्पष्ट होता. त्या घराण्याला पत्र घालावं, उत्तर आलं की नावाचं पाहू. चाचांना पटलं. आबांनाही पटलं, म्हणाले, 'मग चिठ्ठी आल्यागतच झालं.' मी पत्राचा मसुदासुद्धा इंग्रजीत तयार केला, खाडाखोड न करता.

व्यापाऱ्यानं मसुदा वाचला, घडी करून परत दिला. 'एवढं कोण बघतंय?' म्हणाला. पत्र त्यानं घालू दिलं नाही.

तेव्हा नक्षी झाली, नाव झालं नाही. उजवी पट्टी आबांनी केली, डावीवरच्या सावल्यांवरून वेल मी पुन्हा जागी केली. सतरा दिवस लागले, त्यात माझी एक चाचणी परीक्षाही बुडाली. मध्ये लंबगोल कोरी जागा सोडली. चार हजार मिळाले. माझी फी भरली गेली, आबांच्या डाव्या डोळ्याची तारीख उन्हाळ्यावर गेली. आई काही बोलली नाही, पण पंधरा दिवस आबांना भाजीत मीठ मागून घ्यावं लागलं.

ती बंदूक रजिस्टरमध्ये सही करून व्यापारी घेऊन गेला. त्या कोऱ्या जागेत दुसऱ्या कुणी नाव घातलं असेल का, असं मी एकदा चाचांना विचारलं. ते म्हणाले, 'जागा तर मोठी सुरेख सोडली आहेस.' हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सध्या दुकानात एक ग्रीनर आली आहे. नळ्या दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून जोडलेल्या. अंगावर पाण्याच्या लहरी उठाव्यात तशी वळणं. अशा नळ्या जुन्या काळ्या दारूच्या. आजच्या काडतुसांसाठी तपासल्याचा ठसा यांच्यावर नाही, म्हणून चाचांनी मालकाला ती उडवायची नाही असं बजावून सांगितलं आहे. त्यांना ती भिंतीवर आजोबांच्या फोटोखाली लावायची आहे, फक्त वरची कळ आणि दोन स्क्रू हवे आहेत. मालकांनी आजोबांचं नाव घालायला सांगितलं तर आबा घालणार आहेत. ते म्हणतात, देणारा फोटोत हाय. कळीवर एक कुत्रा आणि दोन तितर आहेत. वेल मला जमेल, पण कुत्र्याचा कान काजळात नीट उठत नाही. तो कागद माझ्या इतिहासाच्या वहीत आहे. परीक्षा संपली की बसायचं ठरलं आहे.